निळ्याचं माप

समुद्र कसारा घाट उतरून पुढेही बराच लांब,
म्हणून मीठ येतं बादलीतून, पंचवीस किलोचं,
आणि लाटेचं काम एक पंप करतो
शेजारच्यांच्या मिक्सरसारखा घुरघुरत.
राहिला सूर्य.

तो आणायला गेले जुन्या नाशकात, मुश्ताक कोकणीकडे.
आडनावात कोकण, पण चार पिढ्यांत कुणी खाडी पाहिली नाही;
बोटं मात्र कायम खारट.
त्याने तीन दिवे लावून दाखवले.
मेटल हॅलाइड: "हा खरा सूर्य. पण वैशाखात
माशांना एसी लावावा लागेल, बिल तुमचं."
मग चार ट्यूबा, दर नऊ महिन्यांनी बदलायच्या.
"त्या विझत नाहीत, ताई.
हळूहळू खोटं बोलायला लागतात."
तिसरा एलईडी, काळा, पाटीएवढा,
एक बटण पांढऱ्याचं, एक निळ्याचं.

"पांढरा तुमच्यासाठी, निळा त्यांच्यासाठी.
पाणी खाली जाता जाता लाल आधी गिळतं, मग पिवळा.
पोवळ्याच्या अंगात शेवाळ राहतं ना, भाडेकरू,
ते उरलेल्या निळ्यावर रांधतं, मालकाला जेवू घालतं.
उजेड एकदम वाढवलात
तर मालक भाडेकरूला हाकलतो
आणि स्वतः पांढरा पडून उपाशी बसतो."

तिसरा घेतला.

घरी भाऊ. माझे वडील.
नाशिकरोडच्या प्रेसमध्ये एकतीस वर्षं शाईची छटा तपासली,
राखाडी भिंतीसमोर, ठरलेल्या एकाच दिव्याखाली.
कपड्यांच्या दुकानातही आधी वर बघायचे, मग कापडाकडे.
"उजेड कुठला ते सांग, मग रंग विचार."
टाकीपुढे उभे राहिले, मान हलवली:
"काळपट आहे. पांढरा वाढव."
वाढवला.
दुसऱ्या दिवशी, "अजून."
तीन आठवड्यांत काचेवर तपकिरी साय धरली,
हातोडा पोवळ्याने बोटं आत ओढली ती ओढलीच.
मुश्ताकचं मीटर दोन दिवस भाड्याने आणलं:
तळाला नव्वद, वरच्या दगडावर तीनशे दहा.
आकडा भाऊंना दाखवला.
ते म्हणाले, मीटर मोजतं. बघत नाही.

एप्रिलमध्ये उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला.
पट्टी सुटली त्या संध्याकाळी रिक्षातून आलो तेव्हा
टायमरने पांढरा बंद केला होता, नुसता निळा उरलेला.
भाऊ चपलांसकट हॉलमध्ये थांबले.
"दिवा बदललास?"
"नाही."
काळा चष्मा वर केला. तळहात डाव्या डोळ्यावर.
मग उजव्यावर.
मग पुन्हा डाव्यावर.
"याने बघितलं तर चहा," ते म्हणाले,
"याने बघितलं तर..."
शब्द सापडेना. एकतीस वर्षं ज्यांच्याकडे
प्रत्येक निळ्याला नंबर होता, त्यांना.

मी पंपाचा आवाज ऐकत राहिले.
ते मनात वर्षं मोजत असावेत, मागे मागे,
कुठल्या पास केलेल्या कागदापासून
पाणी पिवळं व्हायला लागलं असेल.

बऱ्याच वेळाने भलतंच बोलले:
"येवल्याला ती पैठणी.
तुझी आई जांभळी म्हणत होती."
आणि तुम्ही तपकिरी.
आणि आम्ही सगळे तुमच्या बाजूने,
प्रेसचा माणूस म्हणून;
आणि ती काही न बोलता दुसरी घेऊन आली होती.
हे मी मनात म्हटलं.

सकाळी खुर्ची टाकीसमोर ओढून त्यांनी
मला बटणाशी बसवलं.
"खाली घे. अजून. रोज दोन टक्के, घाई नको,
त्यांचीही पट्टी आत्ताच सुटतेय."
जूनपर्यंत हातोड्याची बोटं बाहेर आली,
टोकांना हिरवट, पाण्यासोबत डुलणारी.

स्विचबोर्डशेजारी चिठ्ठी डकवली आहे, पेन्सिलची,
अक्षर अजून हजेरीवहीतलं:
निळा पासष्ट, पांढरा वीस, आठ तास.
उजव्या डोळ्याने पाहिले. ठीक.
खाली सही, तारीख.
त्याखाली रेघ मारून
डाव्यासाठी जागा सोडली आहे.